सामूहिक भजनात टाळांचा मेळ आधी बसवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की सिंधुदुर्ग-रत्नागिरीत सामूहिक भजनाचे बेत ठरू लागतात. सात-आठ मंडळं एका मैदानात, शंभरभर टाळकरी आणि एकच गजर. हे प्रकार वाढावेत असं आम्हा टाळकऱ्यांना मनापासून वाटतं. मात्र आयोजकांच्या बैठकीत बुवा, पेटी, माईक, मांडव सगळ्यांची चर्चा होते आणि टाळ 'ज्याचे त्याने आणावेत' एवढ्यावर सुटतात. गजर विस्कटतो तो बहुतेक वेळा यामुळेच.

पहिली अडचण अंतराची. आपल्याकडच्या उबदार हवेत आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. मृदंगापासून 35 मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला थाप सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येते. गजर मिनिटाला 120 मात्रांवर चढला की एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते, म्हणजे तो मात्रेच्या पाचव्या हिश्श्याने मागे पडला. त्याचा टाळ पुढे पोचायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो. पुढच्यांना वाटतं मागचे रेंगाळताहेत, मागच्यांना वाटतं आपण अगदी थापेवर आहोत, आणि दोघंही आपापल्या जागी खरे असतात. इथे कानावर भरवसा ठेवून भागत नाही. चौथऱ्यावर एक जाणता टाळकरी उभा करावा, त्याने हात डोक्याच्या वर नेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, स्पष्ट खाली आणावा आणि सगळ्यांनी त्याच्याकडे बघून वाजवावं. लांबच लांब रांगा टाळून मृदंगाभोवती अर्धवर्तुळ करावं. शेवटचा टाळकरी मृदंगापासून दहा-बारा मीटरच्या आत राहिला की निम्मं काम झालं.

इंग्लंड-अमेरिकेत हातघंटांचे मेळावे भरतात, त्यांची रीत इथे उपयोगी पडेल. अमेरिकेत या वादकांची राष्ट्रीय संघटना 1954 पासून आहे. एकेका वादकाच्या हाती बहुधा दोनच घंटा, म्हणजे दोनच स्वर. अनेक संघ एका संचालकाकडे पाहून वाजवतात. स्वराची मुदत संपली की घंटा खांद्याला टेकवून नाद तोडायचा, हे तिथे सुरुवातीलाच शिकवतात. आपल्याकडे आघात सगळे शिकतात, नाद तोडायला फारसं कुणी शिकवत नाही. चांगल्या कांशाचा टाळ एका आघातावर कितीतरी सेकंद गुणगुणत राहतो. शंभर टाळांचे असे नाद एकमेकांवर चढले की अभंगाचे शब्द बुडतात. सिमेंटच्या स्लॅबखालच्या सभागृहात तर विचारूच नका; देवळाचा लाकडी, कौलारू सभामंडप त्या मानाने नाद पुष्कळ गिळतो. समेवर टाळ खुला ठेवावा, मधल्या मात्रांना दोन्ही वाट्या एकमेकींवर दाबून बंद वाजवावा. खुल्या-बंदचा हा फरक सगळ्यांचा एकाच वेळी पडला, तर मृदंग आपोआप वर येतो.

आघातही बघून घ्यावा. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून सपाट आपटल्या की मधली हवा कोंडते आणि नुसता 'थप्' असा आवाज येतो. एक वाटी किंचित तिरपी धरून तिच्या काठाने दुसरीच्या काठाला स्पर्श करावा. दोरी वाटीच्या अगदी लगत धरावी, पण बोटं धातूला लावू नयेत. लावली की नाद मेला.

आता वस्तूबद्दल. तांब्यात जस्त घातलं की पितळ, कथील घातलं की कासं. टाळाला कासंच हवं, आणि त्यात कथील साधारण पाचवा हिस्सा असतं. एवढ्या कथिलाने नाद येतो, पण धातू ठिसूळही होतो. फरशीवर पडलेला टाळ तडकण्याचं कारण हेच. तड बहुधा भोकापासून निघते आणि डोळ्यांना दिसत नाही. वाटी दोरीने टांगून लाकडी काडीने काठावर टिचकी मारा. बद्द आवाज आला तर ती बाजूला ठेवा. डाग मारून, म्हणजे तड धातूने सांधून, आणलेल्या वाटीचा मूळ नाद परत येत नाही, त्यापेक्षा नवी जोडी बरी. एका जोडीच्या दोन वाट्यांत स्वराचा किंचित फरक असतो आणि त्यातूनच तो गोड कंप उठतो. पण कुणाचा टाळ दोन इंची, कुणाचा तीन इंची आणि मध्येच कुणाची सहा इंची पातळ झांज, असं झालं की नुसता गलका. आमच्या मते एका मृदंगामागे दहा-बारा टाळ पुरे. झांजा सगळ्या मिळून दोन-तीन, त्याही फक्त गजराला. आणि मुलांना झांजवाल्याच्या पुढ्यात बसवू नये, झांज थेट त्यांच्या कानाशी येते.

दोरी सुती घ्यावी, नायलॉन घामाने निसटते. गाठ वाटीच्या आतल्या बाजूला आणि गाठीखाली चामड्याची चकती. नाहीतर गाठ धातूवर खडखडते आणि भोकाच्या कडेने दोरी कातली जाते. दरवर्षी चतुर्थीआधी दोरी बदलावीच. ऐन गजरात सुटलेली वाटी शेजाऱ्याच्या कपाळावर बसू शकते.

खाऱ्या वाऱ्याने काशावर हिरवट थर चढतो. चिंचेने किंवा आमसुलाने घासावं, पण मीठ लावू नये. तोच क्षार पुन्हा हिरवं काढतो. गोड्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं करावं, खोबरेल तेलाचा हात फिरवावा आणि सुती कापडात गुंडाळून ठेवावं. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते.

उरला सरावाचा प्रश्न. चाकरमानी चतुर्थीच्या तोंडावर उतरतात, तेव्हा एकत्र तालीम जेमतेम एक होते. तीही अख्खं भजन म्हणण्यात संपते. त्याऐवजी तो वेळ फक्त गजराला द्यावा: आधी संथ लयीत खुलं-बंद, मग लय चढवणं, मग सगळ्यांनी एका इशाऱ्यावर थांबणं. शेवटचं सगळ्यात कठीण. एकही टाळ इशाऱ्यानंतर वाजला तरी तो साऱ्या मैदानाला ऐकू येतो.

यंदाच्या आयोजकांना विनंती की मंडळांना निमंत्रण धाडतानाच टाळाचं माप, प्रत्येक मंडळाचे टाळकरी किती आणि इशारा कोण देणार, हे लेखी कळवावं. ज्यांच्याकडे त्या मापाचा टाळ नाही त्यांना जोडी शोधायला निदान महिना मिळेल.

आपले,
काही भजनी मंडळांतील टाळकरी
मालवण तालुका