छोटी पुली, पण आधी तेल

कोब्लेंझ, जर्मनी
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप तात्यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पेट्रोल गाडीला ब्लोअर कशाला, आणि पुली लहान केली की झालं ना काम?" आवाज तुटत होता, म्हणून बैजवार लिहितो. उद्यमनगरात चार जण बसलेले असतील तेव्हा वाचून दाखवा. वाद घालायला भरपूर जागा आहे.

गाडी मिनी कूपर एस, आतल्या लोकांच्या भाषेत आर५३. २००२ ते २००६ या काळातली. आपल्याकडे ही पिढी कंपनीमार्फत आलीच नाही. मिनी भारतात २०१२ ला आली, तोवर ही कधीच बंद झाली होती. इंजिन १५९८ सीसीचं, बीएमडब्ल्यू आणि क्रायस्लर यांच्या भागीदारीत ब्राझीलमध्ये बनलेलं. ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि दणकट. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, मुद्दाम ८.३ इतकं कमी ठेवलंय, कारण वरून ब्लोअर हवा कोंबतो. सुरुवातीला १६३ अश्वशक्ती, २००४ च्या मध्यापासून १७०.

ब्लोअर, म्हणजेच सुपरचार्जर, ईटन कंपनीचा, एम४५. हा रूट्स जातीचा, म्हणजे तुमच्या ओळखीचाच. रूट्स बंधूंनी अमेरिकेत १८६० मध्ये पेटंट घेतलं आणि त्यांचे ब्लोअर भट्ट्यांना हवा मारायला लागले. दोन रोटर, एकमेकांना न शिवता फिरणारे. नावातले ४५ म्हणजे ४५ घन इंच: एका फेऱ्याला सुमारे पाऊण लिटर हवा. इंजिन एका फेऱ्यात ०.८ लिटर ओढतं आणि तेवढ्यात ब्लोअर जवळजवळ दोन फेरे मारतो. जास्तीची हवा जाणार कुठे? तोच बूस्ट, म्हणजे जादा दाब, मूळ गाडीत ०.८ बारच्या आसपास. रूट्स हवा दाबत नाही, नुसती ढकलतो. दाब पुढे गेल्यावर तयार होतो. म्हणून हवा फार तापते. फुल रेसवर ब्लोअरच्या तोंडाशी शंभरी सहज ओलांडते. ही उष्णता लक्षात ठेवा, पुढचा अर्धा खर्च तिच्याच पायी आहे.

आता पुली, म्हणजे पट्ट्यावर ब्लोअर फिरवणारं चाक. १५ टक्के लहान पुली म्हणजे ब्लोअर १५ टक्के जोरात, असं सगळे समजतात. तसं नाही. १ भागिले ०.८५ करा, १७.६ टक्के येतं. १७ टक्क्यांच्या पुलीला साडेवीस आणि १९ च्या पुलीला साडेतेवीस. रस्त्यावरच्या गाडीला १५ पुरे. १९ ची पुली म्हणजे ताकद थोडी आणि गरम हवा जास्त. ट्रॅकवर तिसऱ्या चकरीला इंजिन स्वतःहून टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतं आणि लावलेले पैसे धुरात जातात.

पण पुलीला हात लावण्याआधी तेल. इथेच बहुतेक लोक चुकतात. ब्लोअरला स्वतःचं तेल असतं, इंजिनच्या तेलाशी त्याचा संबंध नाही. दोन वेगळे कप्पे: एक पुलीकडच्या नाकाड्यात, दुसरा मागच्या टोकाला. त्या मागच्या टोकाच्या गिअरवरच वॉटर पंप चालतो. कंपनीने हे तेल 'आयुष्यभरासाठी' म्हणून भरलं. कोणाच्या आयुष्यभरासाठी ते सांगितलं नाही. मागचा कप्पा छोटा आणि गरम. तिथलं तेल सीलमधून झिरपतं, उरलेलं काळं डांबर होतं. मग गिअरचे दात झिजतात, एक दिवस साफ होतात आणि पंप थांबतो. तापमानाचा काटा लाल होईपर्यंत वाट पाहिलीत तर इंजिनचं हेड गेलं समजा. आधी खूण मिळते: आयडलला ब्लोअरच्या बाजूने डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड, आणि क्लच दाबल्यावरही ती जात नाही.

ब्लोअर काढायचा तर बंपर उतरवून रेडिएटरसकट पुढची चौकट लांब बोल्टांवर पुढे सरकवायची. कूलंट काढायचं, वर बसलेला इंटरकूलर (ब्लोअरची तापलेली हवा गार करणारा) उतरवायचा, पट्टा ताणून धरणारा टेन्शनर पिन लावून अडकवायचा, पट्टा काढायचा. मग ब्लोअर वॉटर पंपासकट बाहेर येतो. पहिल्यांदा करणाऱ्याने शनिवार-रविवार दोन्ही धरावेत. दोन्ही कप्प्यांतलं जुनं तेल सिरिंजने ओढून काढायचं, ब्लोअर आडवा ठेवून भोकाच्या खालच्या कडेपर्यंत नवीन भरायचं. तेल फक्त सुपरचार्जरचंच, इंजिन ऑइल चालत नाही. छोट्या दोन बाटल्या पुरतात. वास असा, की बायको गॅरेजचं दार बाहेरून लावेल. मागून निघालेलं तेल पांढऱ्या कागदावर ओता. नुसतं काळं असेल तर ठीक, चमकी दिसली तर गिअर गेलेत, तेल बदलून भागणार नाही. ओ-रिंगा आणि वॉटर पंप याच वेळी नवे टाका. पुन्हा एवढं उघडायला कोणी येणार नाही. ऐंशी हजार किलोमीटरला हे एकदा झालंच पाहिजे, ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला त्याच्याही आधी.

ब्लोअर टेबलावर आहे तेव्हाच पुली बदलून टाका. मूळ पुली दाबून बसवलेली असते. हातोडा अजिबात नको: ठोका शाफ्टमधून बेअरिंगला आणि तिथून रोटरला लागतो, आणि रोटरमधली फट केसाएवढी. खाचांना कवटाळणारा दोन तुकड्यांचा पुलर लागतो. काढण्याआधी पुली किती आत बसलीय ते डेप्थ व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. नवी तेवढीच आत बसली नाही तर पट्टा कडेने उसवतो. नवी पुली गरम करून चढवायची, बेअरिंग चढवताना तुम्ही करता तशीच. पट्टा आखूड लागतो. जुनाच ठेवला तर टेन्शनर शेवटच्या टोकावर जाऊन बसतो आणि फुल रेसवर पट्टा घसरतो. रबराचा वास आला आणि बूस्ट वर जाताजाता पडला, तर कारण हेच.

प्लग एक नंबर थंड घ्यायचे, एनजीकेचा सात नंबर, गॅप ०.८ मिलिमीटर. मूळ इंजेक्टर १५ टक्क्यांच्या पुलीला जेमतेम पुरतात; ३८० सीसीचे बसवून इंजिनच्या कॉम्प्युटरचा मॅप नव्याने करून घेतला तर निर्धास्त. फुल लोडवर मिश्रण एका भाग पेट्रोलला १२ भाग हवेच्या आसपास हवं, १३ कडे सरकलं तर पाय काढा. इथे ९८ आणि १०२ ऑक्टेनचं पेट्रोल पंपावर मिळतं. ९५ घालून ट्रॅकवर जाणं म्हणजे नोकिंगला, पेट्रोल वेळेआधी भडकण्याला, आवतण.

उष्णतेवर सगळ्यात स्वस्त इलाज कोणी करत नाही. बॉनेटवरच्या तोंडातून येणारी हवा इंटरकूलरवर पडावी म्हणून मध्ये फोमची पट्टी असते. वीस वर्षांत तिचा भुगा झालेला असतो आणि अर्धी हवा बाजूने पळते. आधी ती पट्टी बदला, इंटरकूलरच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट बघा. बुटाभोवती तेलाची ओली कडा म्हणजे तिथून बूस्ट गळतोय. मोठा इंटरकूलर त्यानंतर.

दुसरी लपलेली जागा क्रँक पुलीची, हिलाच डँपर म्हणतात. आतलं चाक, बाहेरचं कडं आणि मध्ये रबर. वय झालं की रबर सुटतं आणि कडं आपल्याच नादात फिरायला लागतं. तपासणी चार आण्यांची: आतून बाहेरपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारा, आठवडाभर गाडी चालवा, मग बघा. रेघ तुटून दोन तुकडे शेजारी सरकले असतील तर डँपर गेला. या एकाच पट्ट्यावर अल्टरनेटर, एसी, ब्लोअर आणि ब्लोअरमार्फत वॉटर पंप, सगळं आहे. पट्टा तुटला की गाडी जागच्या जागी बंद करायची, "गॅरेजपर्यंत नेतो" हा हट्ट नको.

बाकीचं भराभर सांगतो. कूलंटची प्लॅस्टिक टाकी जोडावर चिरते. क्रँक सेन्सरची ओ-रिंग गळते, आणि लोक तेल बघून पॅनचं पॅकिंग बदलत बसतात. पॉवर स्टीअरिंगचा पंप विजेवरचा, त्याच्याखालच्या छोट्या पंख्यात चिखल जाऊन तो अडकतो आणि पंप जळतो. गाडी रॅम्पवर आली की बोटाने फिरवून बघायचा.

खड्ड्यांत या गाडीचं एक वेगळंच दुखणं: शॉकअप वरून ज्या पत्र्याला बोल्ट केलाय तो पत्राच फुगून वर येतो. रनफ्लॅट (पंक्चर झाल्यावरही चालणारे, कडक) टायर आणि खालची स्प्रिंग असेल तर लवकर. पट्टी ठेवून बघितलं तर उजेड दिसतो. वरून जाड पट्ट्या बसवायच्या. ट्रॅकसाठी पुढचा कँबर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, मूळ अर्ध्या अंशावरून दोन ते अडीच अंश उणे करायचा, मागे दीड. कंट्रोल आर्मचे मागचे बुश पॉलियुरेथेनचे, ब्रेक मारताना स्टीअरिंगची थरथर तिथूनच येते. मागचा अँटीरोल बार जाड केला की नाक वळणात आत येतं, पण पावसात मागचा भाग फटकन सुटतो. रस्त्यावर चालवणाऱ्याने मऊ भोकात ठेवावा.

ब्रेकवर कंजुषी करणाऱ्याला मी गाडीत बसवत नाही. साधं डॉट ४ ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा धरला की तीच मर्यादा १५५ वर येते. इथून तासाभरावर न्युरबर्गरिंगचा रेसट्रॅक आहे, त्यातली डोंगरातली लांब चक्कर, नॉर्डश्लाइफ, २०.८३२ किलोमीटरची. डोंगर उतरताना तीच ती डिस्क लागोपाठ तापते, तेल उकळतं आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून रेसिंगचं तेल, ट्रॅकला जाण्याआधी ताजं. पॅडही ट्रॅकचे. आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवायची. तापलेल्या डिस्कला पॅड चिकटतो. पहिल्या चकरीनंतर चाकाचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा बघायचे, टायर गरम असताना हवा २.४ बारवर आणायची. इंजिन ऑइल पूर्ण वरच्या खुणेपर्यंत भरलेलं हवं, कारण लांब वळणात ते एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. हे इंजिन तेल खातंही, दर दोन टाक्यांना डिपस्टिक बघायची.

आणखी एक फरक. इथे नुसतं बसवून चालत नाही. पुली, सस्पेन्शन, चाकं, जे जे बदललं ते तपासून कागदावर चढवून घ्यावं लागतं. नाहीतर गाडीची मान्यता जाते आणि विम्यावाले हात वर करतात. नॉर्डश्लाइफवर पैसे भरून कोणीही जाऊ शकतो, पण तिथेही रहदारीचे नियम लागू आणि वेळ मोजायला बंदी.

सोबतच्या खोक्यात भंगारवाल्याकडून आणलेला एक सुटलेला डँपर पाठवतोय. कस्टमवाल्यांनी ठेवला तर ठेवला. मिळाला तर लेथवर उभा कापून बघा: रबर मधूनच फाटलंय की लोखंडापासून सालीसारखं सोललंय? रबर मोल्डिंगवाल्या कोणाला दाखवलंत तर तो एका नजरेत सांगेल. सोललं असेल तर दोष वयाचा नाही, चिकटवण्याचा आहे असं मला वाटतं. काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
बाळासाहेब