बॉम जिझसचा लाल रंग मूळचा नाही

मा. संपादक,

गेल्या आठवड्यात साताऱ्याहून बहिणीकडची मंडळी आली होती, त्यांना घेऊन जुने गोव्याला गेलो. बॉम जिझस बॅसिलिकासमोर एक गाईड ग्रुपला सांगत होता की बघा, 400 वर्षांपूर्वी पोर्तुगीजांनी हे लाल चर्च बांधलं. मला राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहितोय.

चर्च 1594 साली सुरू झालं आणि 1605 मध्ये पूर्ण झालं हे बरोबर, पण ते लाल नव्हतं हो! चिऱ्याच्या, म्हणजे लाल जांभ्या दगडाच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता, आणि तो 1950 च्या दशकात बाल्तझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज आर्किटेक्टने काढायला लावला. समोरच से कॅथेड्रल बघा, सेंट फ्रान्सिस असिसी बघा, जरा पुढे सेंट कॅजेटन बघा, सगळी पांढरी. मग हे एकटंच लाल कसं, असा प्रश्न एकाही पर्यटकाला पडत नाही कारण सांगणारं कोणी नाही.

आता चिरा म्हणजे काय ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. आमच्या डिचोलीच्या घराच्या कुंपणाला गिलावा नाहीये, दर पावसाळ्यात चिरा पाणी पितो, शेवाळ धरतो, बोट फिरवलं की लाल भुकटी हाताला येते आणि कोपरे गोल होत चाललेत. माझं कुंपण पडलं तर मी परत बांधीन, पण बॅसिलिकाचं काय?

मंडळींना मी दाराशी उभं करून नुसतं वर बघा म्हटलं. चिरा नक्षीला टिकत नाही, त्यामुळे दर्शनी बाजूच्या खांबांना आणि कोरीव कामाला काळा दगड लावलाय आणि तो वसईहून आणलेला. खांब डोरिक, आयोनिक, कोरिंथियन अशा युरोपातल्या शैलींचे. खाली तीन दारं, वर चौकोनी खिडक्या, त्याच्या वर गोल खिडक्या आणि सगळ्यात वर आयएचएस ही अक्षरं, म्हणजे ग्रीकमधल्या येशूच्या नावाची पहिली तीन अक्षरं, जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाची खूण. पुढे एकही मनोरा नाही, घंटेचा मनोरा मागच्या बाजूला आहे, हे तर माझ्या पण बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं.

आत मुख्य वेदीवर सोन्याचा मुलामा दिलेलं लाकडी काम आहे. चर्चचं नाव ज्याच्यावरून पडलं तो बाळ येशू खाली इवलासा आणि त्याच्या डोक्यावर जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याची भलीमोठी मूर्ती. भाचीने विचारलं, मामा, देव छोटा आणि संत मोठा कसा? तिला म्हटलं मूर्तीची नजर बघ, वर त्याच आयएचएसच्या गोलाकडे लागलेली आहे, आणि त्याच्याही वर पिता, पुत्र, पवित्र आत्मा. पोरगी पाच मिनिटं मान वर करून बघत होती.

सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला लोक लांबून येतात, श्रद्धा आहे, यावंच. पण त्याचं शव ठेवलेल्या ज्या चांदीच्या पेटीला हात जोडतात ती 1637 च्या सुमारास गोव्यातल्याच कारागिरांनी घडवली हे किती जणांना माहीत आहे? खालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोगिनीने 10 वर्षं खपून केला आणि 1698 साली इथे बसवला गेला. इटालियन शिल्पकाराचं काम आणि आपल्या कारागिरांचं काम एकावर एक उभं आहे, मला तर याचा फार अभिमान वाटतो.

माझी मागणी दोनच. दाराजवळ मराठीत आणि कोकणीत मोठा बोर्ड लावा, त्यात गिलाव्याची गोष्ट जुन्या फोटोसकट स्पष्ट लिहा. आणि गिलावा परत करायचा की नाही यावर जाणकारांना घेऊन लवकर काय ते ठरवा, करायचा झाला तर चुन्याचाच करा, सिमेंट लावू नका, सिमेंटने चिऱ्यातली ओल आतच अडकते आणि दगड आतून कुजतो. गावोगावच्या जुन्या कपेलांना (छोट्या चर्चना) सिमेंट थापलंय तिथे पोपडे सुटलेले जाऊन बघा.

– एक वाचक, डिचोली