क्षारपड शिवार आणि विद्यापीठांची संशोधन जाळी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठे आंतरविद्याशाखीय संशोधनाची जाळी उभारणार, अमुक संस्थेने तमुक संस्थेशी सामंजस्य करार केला, अशा बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. फोटोत फाईल असते, शाल असते, मागे फलक असतो. चार विषयांची माणसे एकत्र येणार ही गोष्ट चांगलीच आहे. पण ती नेमकी कोणत्या कामासाठी एकत्र येणार, हे बातमीत शोधूनही सापडत नाही. सांगली जिल्ह्यापुरते तरी उत्तर लांब नाही. कृष्णा-वारणेकाठच्या क्षारपड जमिनीत येऊन बघा म्हणावे.

ज्यांनी ही जमीन पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये सरीच्या वरंब्यावर पांढरा थर फुलतो, बोटाने खरवडला तर पिठासारखा हाताला लागतो. उसाचे फुटवे कमी, पाने टोकाकडून करपलेली, मधेच मोठे टक्कल. अशा रानात दोन-तीन फूट खड्डा घेतला की तासाभरात त्यात पाणी जमते. आमची माती खोल, काळी, चिकण. पाणी धरून ठेवते, खाली सोडत नाही. त्यात वर्षानुवर्षे ऊस आणि पाटाने पाणी. पाण्याची पातळी वर सरकली, ऊन पडले की पाणी उडून जाते आणि क्षार वरच राहतात. पूर्वी निचऱ्याचे काम ओढे-नाले करायचे. त्यातले किती बुजले, किती कुणाच्या बांधात गेले, हे गावोगाव माहीत आहे, बोलत कुणी नाही.

माझ्या रानात काही वर्षांपूर्वी एक संशोधक विद्यार्थी आला. फुटाफुटावरची माती त्याने पिशव्यांत भरली, मार्करने नंबर टाकले, चहा घेतला आणि गेला. अहवाल काही आमच्यापर्यंत आला नाही. पुढे दुसऱ्या विषयाची एक मुलगी प्रश्नावली घेऊन आली. कर्ज किती, उत्पन्न किती, घरात शिकलेले किती. माती तपासली आहे का, हा प्रश्न तिच्या यादीत नव्हता. त्या मुलाने तर मला कर्जाचे विचारलेच नव्हते. दोघांचे प्रबंध कुठल्या तरी ग्रंथालयात असतील. मुले गुणी होती, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना एकाच बांधावर एका दिवशी उभे करणारी व्यवस्था नव्हती, एवढेच.

हा प्रश्न एका विषयाच्या माणसाला सुटणारा नाही. माती नुसती क्षारयुक्त आहे की चोपण (सोडियम वाढून घट्ट, चिकट) झाली आहे, हे आधी तपासावे लागते. चोपण जमिनीला जिप्सम लागते. नुसत्या क्षारयुक्त जमिनीत निचऱ्याची सोय नसताना जिप्समची पोती ओतणे म्हणजे पैसे मातीत घालणे, आणि आमच्याकडे ते सर्रास चालते. निचऱ्यासाठी सच्छिद्र पाईप जमिनीत किती खोल आणि किती अंतरावर गाडायचे, उतार किती द्यायचा, हे स्थापत्य अभियंत्याचे काम. ते पाणी मुख्य पाईपने ओढ्यापर्यंत न्यायचे तर मधे चार जणांची राने लागतात. एक जरी नाही म्हणाला तरी सगळी योजना बांधावर अडते. इथे कायदा जाणणारा माणूस लागतो. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवल्याच्या तक्रारी १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यानुसार तहसीलदारापुढे जातात, पण जमिनीखालच्या पाईपचे काय, हे तलाठ्याला विचारून बघा. कायद्याच्या आधी भावकी येते, आणि ती समजायला समाजशास्त्रवाला लागतो.

पाणी जास्त का दिले जाते, यालाही कारणे आहेत. शेतकरी अडाणी आहे म्हणून नव्हे. उपसा योजनांत पाणीपट्टी बहुधा एकरी असते, मोजून घेतली जात नाही, त्यामुळे पाणी वाचवून पदरात काही पडत नाही. त्यात शेतीची वीज रात्रपाळीने येते. थंडीत रात्री दोन वाजता दारे धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायला, कोण जाणार? मोटर सुरू करून माणूस झोपतो आणि सकाळपर्यंत रान तुंबते. याचा हिशेब अर्थशास्त्राच्या आणि विजेच्या अभ्यासकाने एकत्र बसून मांडला पाहिजे. विहिरींचे पाणी मचूळ होते, त्यात खतांचे नायट्रेट किती उतरले हेही कुणी तरी मोजले पाहिजे, आणि ते पाणी पिणाऱ्यांच्या तब्येतीचे डॉक्टरने पाहिले पाहिजे. आणि रान पडीक पडले की भांगलणीला (तण काढायला) जाणाऱ्या बायांचा रोजगार जातो. त्यांच्याकडे सातबारा नाही, म्हणून त्या कुठल्याच प्रश्नावलीत येत नाहीत.

आता ही माणसे आहेत कुठे? सगळी याच जिल्ह्यात आहेत. कसबे डिग्रजला कृषी संशोधन केंद्र आहे, ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे. वालचंद अभियांत्रिकी आणि विलिंग्डन महाविद्यालय सांगलीत, पण संलग्न कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत. म्हणजे पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूत बसलेल्या माणसांचे कागद तीन गावांना जातात. विद्यापीठाच्या आत तरी चित्र वेगळे आहे का? २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने चार विद्याशाखा ठरवल्या, त्यातली चौथी आंतरविद्याशाखीय अभ्यासाची. तिच्यात शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, शारीरिक शिक्षण असे विषय एकत्र ठेवले. माती आणि भावकी यांना एका प्रबंधात बसवायचे तर आजही दोन दारे ठोठवावी लागतात.

नियम अगदीच आडवे नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीप्रमाणे दुसऱ्या विभागातला किंवा संस्थेतला सहमार्गदर्शक घेता येतो. मग घेत का नाहीत? माझा धाकटा भाऊ प्राध्यापक आहे, त्याने मला आयोगाच्याच २०१८ च्या, प्राध्यापकांच्या नेमणूक-बढतीच्या नियमावलीतला गुणांचा तक्ता दाखवला. शोधनिबंध दोघांचा असेल तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. दोघांपेक्षा जास्त लेखक असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. म्हणजे मातीवाला, पाईपवाला, कायदेवाला, अर्थशास्त्रवाला आणि डॉक्टर असे पाच जण एका कामात आले की चौघे तीस टक्क्यांवर. बढतीचा विचार करणारा माणूस एकट्याने लिहील, त्यात त्याचे काय चुकले? करारावर सह्या करण्याआधी ही वजाबाकी मिटवायला हवी.

एकत्र अभ्यासाची परंपरा आपल्याला नवी नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी नीरा खोऱ्यातल्या खारावलेल्या जमिनींचा अभ्यास केला, आणि त्याच माणसाने पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावात घरोघरची जमीन, कर्ज, मजुरी, खर्च यांचा हिशेब मांडला. तो १९१७ मध्ये छापून आला. शेजारच्या शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकरी एकत्र आले, सच्छिद्र पाईप गाडले गेले आणि पडीक रानात पुन्हा ऊस उभा राहिला. ज्यांना सामंजस्य कसे होते ते बघायचे आहे, त्यांनी तिथल्या शेतकऱ्यांना विचारावे. भावकीची संमती कशी मिळवली, हाच तिथला सर्वांत मोठा धडा आहे आणि त्यावर प्रबंध व्हायला हवा.

माझी सूचना साधी आहे. नवी इमारत नको, नवे केंद्र नको. मिरज किंवा वाळवा तालुक्यातला एकच ओढा निवडा, उगमापासून नदीपर्यंत. त्याच्या दोन्ही काठांवर तिन्ही विद्यापीठांनी आपले विद्यार्थी दहा वर्षांसाठी आणावेत. एक पिढी बाहेर पडली की दुसरीने तीच वही पुढे चालवावी. नोंदी ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागाव्यात, आणि ज्याच्या रानातली माती नेली त्याला अहवाल मिळालाच पाहिजे. पैसा लागेल, पण एखाद्या परिषदेच्या मंडपाइतका फार तर.

पाण्याची पातळी मोजण्याच्या नळ्या बसवायला आमच्या ओढ्याकाठचे आम्ही काही जण रान द्यायला तयार आहोत. बांधावर बसवल्या तर पिकाला अडचण नाही. मात्र त्या मे महिन्यात बसायला हव्यात. एकदा पाऊस लागला की आमच्या रानात जूनपासून पाय ठेवता येत नाही.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. मिरज, जि. सांगली