‘आर्टरी’ आणि ‘धमनी’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतील हृदयविकारावरच्या लेखात ‘आर्टरी’ म्हणजे मूळ ग्रीक भाषेत ‘हवा राखणारी’ आणि हे नाव प्राचीन ग्रीकांच्या अज्ञानातून पडले, असे म्हटले आहे. बरीच वर्षे शरीररचनाशास्त्र शिकवल्यामुळे त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

‘हवा’ आणि ‘राखणे’ ही फोड जुनी असली तरी भाषाभ्यासकांना ती पटत नाही. ‘उचलणे, टांगणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूशी असलेले नाते त्यांना अधिक संभवनीय वाटते. ‘आर्टरी’चे मूळ रूप असलेला ‘आर्टेरिया’ हा ग्रीक शब्द आधी श्वासनलिकेसाठी रूढ होता. पुढे हृदयातून निघणाऱ्या वाहिन्यांनाही तो लागू झाला, तेव्हा श्वासनलिकेला वेगळे दाखवण्यासाठी ‘खरखरीत आर्टेरिया’ म्हणू लागले, आणि त्यातले ‘खरखरीत’ हे विशेषणच आजच्या ‘ट्रॅकिया’ या नावात उरले आहे.

या वाहिन्यांतून हवेसारखे काही प्राणतत्त्व वाहते, असे प्राक्सागोरास आणि एरासिस्ट्रॅटस हे प्राचीन ग्रीक वैद्य मानत, हे खरे. पण मृत्यूनंतर रक्त बहुतांशी शिरांमध्ये साठते आणि धमन्या जवळजवळ रिकाम्या आढळतात, हे ज्याने शवविच्छेदन पाहिले आहे तो त्यांना अज्ञानी म्हणणार नाही. जिवंत प्राण्याची धमनी दोन ठिकाणी बांधून मधला भाग उघडला तर आत रक्तच असते, हे गेलेन या ग्रीक वैद्याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात दाखवले. शब्द मात्र तोवर रुळला होता.

आपला ‘धमनी’ हा शब्दही ‘ध्मा’ म्हणजे फुंकणे या धातूपासून आला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘ध्मानाद्धमन्यः’ अशी त्याची व्युत्पत्ती दिली आहे. पोट फुगण्याला वैद्य ‘आध्मान’ म्हणतात ते याच धातूमुळे, आणि गीतेच्या पहिल्या अध्यायात भीमाने पौंड्र शंख फुंकला तिथले ‘दध्मौ’ हे क्रियापदही त्याचेच. ग्रीक शब्द श्वासनलिकेकडून आला आणि आपला फुंकरीकडून, हा योग मला फार मोलाचा वाटतो.

म्हणूनच विनंती अशी की, संपूर्ण लेखात केवळ ‘आर्टरी’ न छापता निदान पहिल्या उल्लेखाला ‘धमनी’ हा शब्द द्यावा.

आपला,
शरीररचनाशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, सांगली