सर्व्हर बंद न करता पॅच, ठीक आहे, पण बघतंय कोण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'रविवारी पहाटे २ ते ५ मोबाइल बँकिंग बंद राहील' अशी चौकट तुमच्या पेपरात अधूनमधून येते, ते तीन तास आमच्यासारखी माणसं थर्मासमधला चहा पीत सर्व्हर रीबूट करत बसलेली असतात. पंधरा-सोळा वर्षं हेच करतोय. हल्ली मात्र जिकडेतिकडे साहेब लोक म्हणतात, लाइव्ह पॅचिंग घेतलंय ना आपण, मग आता कशाला जागरण. हे अर्धंच खरं आहे, म्हणून हे पत्र.

सर्व्हर ज्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात तिच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, सुरक्षेचं भोक सापडलं की एरवी नवा कर्नल टाकून मशीन रीबूट करावं लागतं. लाइव्ह पॅचिंगमध्ये मशीन चालूच राहतं आणि खराब फंक्शनकडे, म्हणजे कोडच्या तुकड्याकडे, जाणारी वाट दुरुस्त फंक्शनकडे (हाच पॅच) वळवतात, रस्ता खोदलाय म्हणून ट्रॅफिक शेजारच्या गल्लीतून काढतात ना, तसं. रेड हॅट आणि सुसे या लिनक्स पुरवणाऱ्या कंपन्यांनी आपापली पद्धत काढली होती, दोघांना चालेल असा पाया २०१५ साली लिनक्स ४.० मध्ये आला. चीज उत्तमच आहे. मार्च २०२२ मध्ये 'डर्टी पाइप' नावाचं भोक निघालं, साध्या युजरला थेट रूट, म्हणजे मशीनचा मालक, होता येत होतं, अशा वेळी रविवारची वाट बघत बसणं परवडत नाही.

पण मी एका ठिकाणी होतो (नाव नको), तिथे चाळीसेक सर्व्हर आणि एक्सेल शीटमध्ये सगळ्यांपुढे हिरवं 'पॅच्ड'. सहज एकावर लॉगिन केलं तर पॅच लोड झालेला पण ट्रान्झिशनच्या (जुन्या कोडवरून नव्यावर जाण्याच्या) फाइलमध्ये १, म्हणजे काम अजून चालूच, आणि ते नऊ दिवस! झालं असं की चालू असलेली प्रत्येक प्रोसेस, म्हणजे प्रोग्रॅमचं काम, सुरक्षित क्षण बघून नव्या कोडवर जाते, आणि इथे बॅकअपची एक प्रोसेस बंद पडलेल्या एनएफएस शेअरची (नेटवर्कवरच्या फोल्डरची) वाट बघत डी स्टेटमध्ये, म्हणजे मारूनही न उठणाऱ्या झोपेत, होती, ती उठेना म्हणून पॅच पुरा होईना. शेवटी तो सर्व्हर रीबूटच मारला. मग बाकीचे तपासले तर आणखी दोन असे निघाले की फायरवॉलचा नियम बदलल्यापासून त्यांना पॅच मिळतच नव्हते, आणि अलर्ट कुणी लावलेलाच नाही.

वर ऑडिटर. त्यांचा स्कॅनर 'यूनेम' ही कमांड बघतो, त्यात कर्नलचा नंबर जुनाच दिसतो कारण लाइव्ह पॅचने तो बदलत नाही, की लगेच रिपोर्टमध्ये लाल शेरा. जिथे पॅच खरंच लागलेला होता तिथे आम्ही तास-तास भांडलो, जिथे नव्हता तिथे एक्सेल दाखवून सुटलो!

आणि रीबूट काही सुटत नाही हो. जीलिबसी, ओपनएसएसएल अशा कर्नलबाहेरच्या, सगळे प्रोग्रॅम वापरतात त्या लायब्रऱ्यांचे अपडेट कर्नलच्या लाइव्ह पॅचमध्ये येत नाहीत, एका कर्नलला लाइव्ह पॅच मिळतात तेही ठरावीक मुदतीपर्यंतच. दोन-दोन वर्षं एकदाही बंद न झालेलं मशीन अभिमानाने दाखवणारे लोक बघितलेत मी, ते रीबूट केल्यावर वर येईल का हे त्यांनाच माहीत नसतं, एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) कधीच काढून टाकलेल्या डिस्कची ओळ तशीच पडलेली असते.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना सहा तासांत कळवायची असते. त्या सहा तासांत कुठल्या सर्व्हरवर कुठला पॅच कधी लागला हे एक्सेल चाळून सांगणार का? म्हणून बँका, महापालिका, हॉस्पिटलं यांनी टेंडरमध्ये नुसतं 'लाइव्ह पॅचिंग असावे' एवढं लिहून थांबू नये. प्रत्येक सर्व्हरची स्थिती त्याच सर्व्हरला विचारून रोज एका ठिकाणी जमा व्हावी, ट्रान्झिशन तासाभरात संपलं नाही तर कुणाच्या तरी फोनवर मेसेज जावा, तो कुणाच्या हे नावानिशी लिहावं, आणि तीन महिन्यांतून एक रीबूट ठरलेला असावा. त्यासाठी तुमच्या पेपरात चौकट छापावी लागली तरी चालेल.

– एक सिस्टिम अ‍ॅडमिन, पुणे