दुष्टपणासाठी आधी जाण असावी लागते

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चित्रपटांतील राक्षसांवर जी लेखमाला सुरू आहे, तिच्या ताज्या भागात १९७९ साली रिडली स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘एलियन’मधील परग्रहावरच्या जीवाला ‘पडद्यावरचा सर्वांत दुष्ट राक्षस’ असे म्हटले आहे. लेख मन लावून लिहिलेला आहे आणि त्यातील भीतीचे वर्णनही यथार्थ आहे. परंतु ‘दुष्ट’ हा शब्द मला आठवडाभर खटकत राहिला. मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवले, त्यामुळे एखादा जीव भयंकर असणे आणि तो दुष्ट असणे यांतला फरक पुसला गेला की गप्प बसवत नाही. म्हणून हे पत्र.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘नॉस्ट्रोमो’ नावाचे मालवाहू अंतराळयान सात जणांना घेऊन पृथ्वीकडे परतत असते. वाटेत एका अनोळखी ठिकाणाहून आलेल्या संदेशाचा शोध घेण्यासाठी काही जण खाली उतरतात आणि तिथल्या एका अंड्यातून उसळलेला जीव केन या सहकाऱ्याच्या तोंडाला घट्ट चिकटतो. पुढे सगळे जेवायला बसलेले असताना केनची छाती फोडून एक पिल्लू बाहेर पडते, ते काही तासांत माणसापेक्षा मोठे होते आणि यानातील एकेकाला टिपू लागते. या सगळ्यात तो जीव नेमके काय करतो, हे भीती बाजूला ठेवून पाहिले तर उत्तर अगदी साधे आहे. तो दुसऱ्याच्या शरीरात वाढतो, बाहेर पडतो, लपतो आणि हल्ला करतो.

यातले काहीही आपल्या नाशिक जिल्ह्याला नवे नाही. दिंडोरी तालुक्यात आमची थोडी शेती आहे आणि रब्बीत तिथे हरभरा असतो. हरभऱ्यावर घाटे अळी पडते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. परंतु घाट्याजवळची एखादी लहान अळी निस्तेज होऊन जागीच बसलेली दिसते आणि दोन-तीन दिवसांनी पाहावे तर तिची सुकलेली कात आणि तिला लागूनच तांदळाच्या दाण्याएवढा राखाडी-पांढरा कोष तेवढा उरलेला असतो. हे काम कॅम्पोलेटिस नावाच्या बारीक गांधीलमाशीचे. तिची मादी अळीच्या अंगात सुईसारखे टोक खुपसून अंडे घालते, अंड्यातून निघालेले तिचे पिल्लू अळीला आतून खात वाढते आणि शेवटी तिचे अंग फोडून बाहेर येते. मी हा कोष तळहातावर घेऊन भिंगाखाली अनेकदा पाहिला आहे, विद्यार्थ्यांनाही दाखवला आहे. ‘एलियन’मधला जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग पाहताना मला तो कोषच आठवला. अळीच्या जागी आपण असतो तर आपल्याला काय वाटले असते, तेच चित्रपटाने आपल्याला दाखवले आहे.

या कुळातील माश्यांनी डार्विनलाही अस्वस्थ केले होते. १८६० साली अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटले की, जिवंत अळीच्या शरीरात राहून तिला खावे अशा हेतूने दयाळू परमेश्वराने या माश्या मुद्दाम निर्माण केल्या असतील, हे त्याच्या मनाला पटत नाही. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. डार्विनने प्रश्न निर्मात्याला विचारला, गांधीलमाशीला विचारला नाही. आपण तर त्याही पुढे गेलो आहोत. उसावर आणि टोमॅटोवर आपण पैसे मोजून ट्रायकोकार्ड लावतो, त्या एका कार्डावरच्या सुमारे २०,००० अंड्यांतून ट्रायकोग्रामा नावाच्या बारीक गांधीलमाश्या बाहेर पडाव्यात आणि किडीच्या अंड्यांत त्यांनी आपली अंडी घालावीत म्हणून पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचतो, आणि या माश्यांना आपण ‘मित्रकीटक’ म्हणतो. कृती तीच, फक्त मरणारा आपल्या बाजूचा नाही, एवढ्यावर जर ‘मित्र’ आणि ‘दुष्ट’ हे शब्द बदलणार असतील, तर त्या शब्दांतून जीवाच्या स्वभावाविषयी काहीच कळत नाही. कळते ती फक्त आपली बाजू.

लेखकाचे दोन मुद्दे मात्र वजनदार आहेत आणि ते टाळून पुढे जाणे योग्य नाही. लॅम्बर्ट या स्त्रीसमोर तो जीव ज्या संथपणे येतो, त्यात लेखकाला छळाचा आनंद दिसतो. मला तो दिग्दर्शकाने प्रेक्षकासाठी ताणलेला क्षण वाटतो. ज्याला मारण्यातच आनंद आहे त्याने हाताशी सापडलेले मांजर सोडले नसते. येथे तो यानातल्या मांजराच्या पिंजऱ्यात डोकावतो आणि मांजर जिवंत राहते. दुसरा मुद्दा बुद्धीचा. १९८६ साली जेम्स कॅमेरॉन यांनी काढलेल्या पुढच्या भागात या जीवांनी वीज तोडली असे सूचित होते आणि अंड्यांवर आगीचा रोख येताच ती अंडी घालणारी त्यांची राणी आपल्या रक्षकांना मागे सरायला लावते. ही बुद्धी आहे, हे मी निःशंकपणे मान्य करतो. पण पिंजऱ्याची कडी उघडणाऱ्या माकडालाही बुद्धी असते. आपल्या अंड्यांसाठी माघार घेणे आणि अंडी जाळल्यावर चवताळून पाठलाग करणे यात मला आईपण दिसते. दुष्टपणासाठी बुद्धीच्या पलीकडचे काहीतरी लागते: आपण करतो ते अनुचित आहे याची जाण आणि ते न करण्याची मोकळीक.

ही कसोटी मी परदेशातून आणलेली नाही. आपण पंचवटीच्या गावात राहतो. ज्या शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून या गावाला नाव मिळाले असे परंपरा सांगते, ती राक्षसी होती. परंतु रामकथेतले राक्षस बोलतात, वाद घालतात, शास्त्र जाणतात, सभा भरवतात. रावणाला दोष देता येतो, कारण त्याला मारीचाने समजावले, मंदोदरीने समजावले आणि त्याच्याच आईच्या पोटी बिभीषणही जन्माला आला. एकाच कुळात जन्मून, एकाच लंकेत राहून वेगळे वागता येते, हे बिभीषणाने दाखवले. म्हणूनच रावणाचे वागणे ही त्याची निवड ठरते. ‘एलियन’मधल्या त्या जीवाच्या कुळात बिभीषण जन्मूच शकत नाही. आपल्या पूर्वजांनी राक्षस हा शब्द इतक्या विचाराने वापरलेला असताना, आपण तो चार पायांच्या किंवा आठ पायांच्या कुठल्याही भयंकर प्राण्याला लावून मोकळे होतो, याचे मला वाईट वाटते.

मग त्या यानात दुष्टपणा नव्हताच का? होता, आणि लेखात त्याला एक ओळही मिळालेली नाही, हीच माझी खरी तक्रार आहे. केनला तोंडाला चिकटलेल्या जीवासह परत आणले जाते, तेव्हा विलगीकरणाच्या नियमाकडे बोट दाखवून यानातील अधिकारी रिप्ली दार उघडायला नकार देते. दार उघडतो तो विज्ञान अधिकारी ॲश. पुढे रिप्लीला संगणकातून कळते की हा जीव कंपनीला हवा आहे आणि त्यासाठी यानातील माणसे गेली तरी चालतील, असा आदेश आधीच दिलेला होता. ॲश हा माणूस नसून माणसासारखे दिसणारे यंत्र आहे हेही तेव्हाच उघड होते. ॲशला दुष्ट म्हणावे का, यावर वाद होऊ शकेल. त्याच्यात तसे भरले गेले होते. परंतु तो आदेश कुणा माणसाने तयार केला असणार, सात जणांचे प्राण एका पारड्यात आणि कंपनीचा लाभ दुसऱ्या पारड्यात टाकून केला असणार. पुढच्या भागात तर बर्क नावाचा कंपनीचा माणूस रिप्ली आणि एका लहान मुलीला त्या जीवासोबत कोंडतो, तो गर्भ त्यांच्या शरीरातून गुपचूप नेता यावा म्हणून. त्यावर रिप्ली संतापाने म्हणते की, ते जीव निदान टक्केवारीसाठी एकमेकांचा घात तरी करत नाहीत. लेखकाने हे वाक्य ऐकले असेलच. तरीही ‘सर्वांत दुष्ट’ ही पदवी जाते तोंडातून लाळ गळणाऱ्या जीवाला, आणि सही करणारा हात अंधारातच राहतो.

ही केवळ शब्दांची चिकित्सा आहे असे कुणाला वाटू नये. निफाड, सिन्नर, दिंडोरी या भागांत उसात बिबट्याची वीण होते, तोडणीच्या वेळी पिल्ले सापडतात, आणि माणसांवर हल्लेही होतात. ज्या घरातले मूल गेले त्या घराने काहीही म्हणावे, त्यांच्या तोंडच्या शब्दाला मी हात लावणार नाही. परंतु बातमीच्या मथळ्यात बिबट्या ‘सूड’ घेतो, ‘दहशत’ माजवतो, तेव्हा आपण त्याच्यात हेतू घालतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे कलम ११ अधिक शहाणे आहे. प्राण्याला मारण्याची परवानगी देताना ते तो मानवी जीविताला धोकादायक झाला आहे का, किंवा बरा होण्यापलीकडे अपंग वा आजारी आहे का, असे विचारते. तो दोषी आहे का, हे विचारत नाही. फ्रान्समधील फालेझ येथे १३८६ साली मुलाला मारणाऱ्या डुकरिणीवर खटला चालवून तिला फाशी दिले होते. तिथून या कलमापर्यंत यायला जगाला काही शतके लागली. रिप्लीही शेवटी त्या जीवाला यानाबाहेर अवकाशात फेकून देते, आणि ती योग्यच करते. त्यासाठी तिला त्याला दुष्ट ठरवावे लागत नाही.

लेखमालेचे आणखी भाग यायचे असतील तर लेखकांना माझी नम्र विनंती आहे की, एक भाग त्यांनी ‘नॉस्ट्रोमो’च्या दाराला द्यावा. रिप्ली आत उभी आहे, बाहेर सहकारी विनवण्या करत आहेत, आणि ॲशचा हात कळीकडे जातो आहे. त्या वेळी तो जीव केनच्या तोंडावर निपचित पडलेला असतो.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
गंगापूर रोड, नाशिक