पॅटर्नवाल्याच्या पोरीला

कोल्हापूर,
रविवार, दुपार

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझा आवाज चढतो आणि मग माझाही, म्हणून लिहितोय.

पाडव्याच्या रात्री तू म्हणालीस, "बाबा, मी राजीनामा टाकून आलोय." पुण्यात राहून 'आलेय, गेलेय' तुझ्या तोंडात चांगलं बसलं होतं. त्या रात्री घरचं 'आलोय' बाहेर पडलं, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की पोरगी मनातलं बोलतेय. मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. "चित्र काढता येत नाही ती कॉमिक काय लिहिणार? संवादाचे फुगे भरणार?" तुझी आई अजून माझ्यापुढं चहाचा कप आपटते.

ते वाक्य मागे घेतो. नोकरी सोडल्याचा राग आहेच, तो वेगळा.

झालं असं, माळ्यावरची ट्रंक काढली तर तळाशी इंद्रजाल कॉमिक्सचे चार अंक निघाले, बहादूरचे. महाद्वार रोडच्या एका बोळात एक म्हातारा दोरीवर कॉमिक्स टांगून बसायचा, चार आण्याला एक दिवस. हे चार परत द्यायचे राहिले ते राहिलेच. वेताळ, मँड्रेक आम्हाला आवडायचे, पण ते परमुलखातले. बहादूर आपल्यातला वाटायचा. चंबळच्या खोऱ्यातला, बाप डाकू, पोलिसांच्या गोळीनं मेलेला, आणि पोरगा मोठा होऊन डाकूंच्याच विरोधात उभा. अंगात भगवा कुडता, खाली जीन्स. तालमीतल्या आम्ही तिघांनी तसले कुडते शिवायला टाकले होते, तुझ्या आजोबांनी माझा शिंप्याकडूनच परत फिरवला. हे सगळं चित्र काढणाऱ्याच्या डोक्यातून येतं, अशी माझी पक्की समजूत होती.

परवा शोधून वाचलं. १९७६ मध्ये बहादूर उभा केला तो आबिद सुरतींनी, आणि सुरुवातीची चित्रं काढली गोविंद ब्राह्मणियांनी. सुरती स्वतः मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले. 'धर्मयुग' या हिंदी साप्ताहिकातला ढब्बूजी, म्हणजे व्यंगचित्रातला गडी, वर्षानुवर्षं त्यांनी स्वतःच्या हातानं काढला. म्हणजे हातात कला असून माणसानं बहादूरची चित्रं दुसऱ्यावर सोपवली आणि आपण लिहिण्याचं काम घेतलं. वाचून मी तिथंच थांबलो. कारण हे तर माझंच काम, गं.

तीस वर्षं उद्यमनगरात लाकूड तासतोय. सागवानाचा पॅटर्न, म्हणजे ओतायच्या भागाचा लाकडी नमुना, मी करतो, त्यावर वाळू ठोकून साचा मोल्डर करतो, वितळलेल्या लोखंडाचा रस ओततात तिसरेच. पंपाच्या बॉडीवर माझं नाव नसतं. पण कास्टिंग, म्हणजे ओतून निघालेला भाग, बिघडलं की पहिली हाक पॅटर्नवाल्याला. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आटतं, म्हणून आमची पट्टीच वेगळी, तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा किंचित मोठा. आणि उभ्या बाजूंना थोडा उतार द्यावा लागतो, नाहीतर पॅटर्न उचलताना वाळू ढासळते. पुढचा माणूस काय करणार आहे, हे डोक्यात ठेवून लाकूड कापायचं.

तू टेबलावर विसरून गेलेली (की मुद्दाम ठेवलेली?) पानं मी वाचली. पान ३, चौकट २. तू लिहिलंयस, 'तो रागानं खिडकीबाहेर बघतो, डोळ्यांत आईची आठवण.' आणि फुग्यात, 'मला फार राग आलाय!' आता मला सांग, आईची आठवण डोळ्यांत कशी काढायची त्या बिचाऱ्यानं? आणि तोंडावर राग काढलाच, तर फुग्यात परत राग कशाला? तू उतार ठेवलेला नाहीस. चित्रवाल्याला पॅटर्न उचलताच येणार नाही.

पान ७ मात्र वेगळं. रंकाळ्यावरची ती म्हातारी कणीस भाजतेय, पोरगी शेजारी रडून बसलीय, आणि म्हातारीच्या फुग्यात एवढंच, 'तिखट-मीठ लावू काय?' ते पान मी दोनदा वाचलं. मग आईला दिलं. ती काही बोलली नाही, आत जाऊन कुकर लावला. आणि ती पोरगी 'मी घरला जाणार न्हाई, मी ठरवलोय' म्हणते ना, ते पुणेरी करू नकोस कुणी कितीही सांगितलं तरी.

आता पोटाचं. सुरतींचा जन्म १९३५ चा, बालपण मुंबईत डोंगरीत गेलं. लढाईच्या काळात आगगाडीतून जाणारे गोरे सोल्जर पोरांकडे काहीबाही फेकायचे, त्यात मिकी माऊसचं एक पान हाती लागलं आणि चित्रांचा नाद लागला, असं ते सांगतात. पुढं कादंबऱ्या, कथा, नाटकं, गुजरातीत आणि हिंदीत. १९९३ मध्ये कथासंग्रहाला राष्ट्रीय पुरस्कार. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं, पण एकाच दावणीला बांधलेला नसल्यानं हा माणूस थांबला नाही. आपले खांडेकर बघ. शिरोड्याला १८ वर्षं मास्तरकी, १९३८ मध्ये कोल्हापुरात आले, मास्टर विनायकांसाठी सिनेमाच्या कथा लिहिल्या, आणि ज्ञानपीठही मिळवलं. सिनेमासाठी लिहिलं म्हणून त्यांची कादंबरी हलकी झाली नाही. तूही जाहिरातीचं, शाळेच्या पुस्तकाचं, मिळेल ते लिही. लाजू नकोस.

आणि कागद वाचून सही कर. आमच्या धंद्यात पैसे देतो त्याचा पॅटर्न, मी फक्त रॅकवर सांभाळतो. एका गिऱ्हाइकानं माझा पॅटर्न उचलून दुसरीकडं नेला, वर्षानुवर्षं कास्टिंगं काढली, मला एक फोन नाही. तोंडी व्यवहार होता, बोलणार काय? तुमच्याकडं कायदा बरा दिसतोय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीत लिहिलेलं, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. पण बाहेरून लिहून हक्क दिलेस आणि मुदत लिहिलीच नाही, तर ५ वर्षं धरतात. तरी मुदत लिहूनच घे. शेजारच्या गल्लीतल्या वकिलांना विचारून हे लिहितोय, ऐकीव नाही.

अजून एक राहिलं. २००७ पासून हेच सुरती मीरा रोडला रविवारी एक प्लंबर बरोबर घेऊन दारोदार गळके नळ फुकट दुरुस्त करत फिरायचे. डोंगरीत लहानपणी पाण्याच्या रांगा बघितलेला माणूस. हे वाचताना मला तुझ्या फ्लॅटमधलं बेसिन आठवलं. गणपतीनंतर आलो होतो तेव्हा रात्रभर टप टप ऐकत पडलो होतो, सकाळी तू म्हणालीस, "मालक बघतील." तीन महिने झाले, बघितलं काय त्यांनी?

पाकिटात अर्ध्या इंचाचे दोन वॉशर घातलेत. एक बसव, एक ठेव. आधी मेन कॉक बंद कर, नाहीतर भिजशील.

तुझा,
बाबा

ता. क. : पान ३ ची झेरॉक्स सोबत आहे, सुतारी पेन्सिलीनं खुणा केल्यात. परत लिहून पाठव. आईला पान ८ पाहिजे.